अँटीबॉडीची परीक्षा कोणी घ्यायची?

तळहाताएवढा पांढरा मेम्ब्रेनचा तुकडा, त्यावर शेजारी शेजारी दोन लेन, म्हणजे दोन नमुन्यांच्या उभ्या वाटा. डावीकडे आमच्या नेहमीच्या पेशींचा अर्क. उजवीकडे त्याच पेशींचा अर्क, पण आम्ही वर्षभर ज्या प्रथिनाच्या मागे होतो त्याचं जनुकच या पेशींतून काढून टाकलेलं. म्हणजे अँटीबॉडीने ते प्रथिन पकडल्याची पट्टी डावीकडे दिसायला हवी आणि उजवीकडे काहीच नको. इमेजरच्या पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा दोन्हीकडे पट्टी होती, सारख्याच उंचीवर आणि सारखीच ठळक. माझी विद्यार्थिनी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, दोन्ही लेनमध्ये मी एकच सॅम्पल तर नाही ना लोड केलं?" तसं झालं नव्हतं. आम्ही नवे अर्क काढून तीनदा करून पाहिलं. ज्या प्रथिनासाठी ती अँटीबॉडी विकत घेतली होती, ते प्रथिन ती ओळखतच नव्हती. ५५ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाचं वजन मोजायचं एकक) आसपासचं दुसरंच कुठलं तरी प्रथिन ती प्रत्येक वेळी पकडत होती.

त्याआधी चौदा महिने ती मुलगी त्याच पट्टीवर काम करत होती. औषध दिलं की पट्टी गडद होते, पेशी उपाशी ठेवल्या की फिकी पडते, असे तिचे आलेख होते. ते खोटे नव्हते. घडत होतं ते खरंच घडत होतं, फक्त आम्ही त्याला भलत्याच प्रथिनाचं नाव दिलं होतं. इशारेही मिळाले होते. त्या प्रथिनाचं क्रमावरून निघणारं वजन ४७ किलोडाल्टन आणि पट्टी ५५ ला. आम्ही म्हणालो, साखरेच्या साखळ्या जोडल्या गेल्या असतील. एसआयआरएनए, म्हणजे जनुकाचा संदेश नष्ट करणारे छोटे आरएनए, वापरून जनुक दाबून पाहिलं, त्या जनुकाचा आरएनए चांगलाच उतरला, पट्टी मात्र जागची हलली नाही. आम्ही म्हणालो, प्रथिन टिकाऊ असेल, जुना साठा लवकर संपत नसेल. दर वेळी उत्तर तयार होतं आणि ते पुस्तकात बसणारं होतं. त्या इवल्याशा बाटलीवर संशय घ्यावा असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. ती ४० हजारांच्या घरात गेली होती, कंपनीच्या पत्रकात एकच एक सुबक पट्टी छापलेली होती, आणि तीच बाटली वापरून प्रसिद्ध झालेले पेपर आमच्या फोल्डरमध्ये होते.

हा लेख त्या कंपनीशी भांडण्यासाठी नाही. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते सरळ सांगते. ज्या पेशीत ते प्रथिन नाही अशा पेशीवर, आपल्याच पद्धतीने, आपल्याच लॅबमध्ये तपासल्याशिवाय कुठल्याही अँटीबॉडीचं चित्र प्रबंधात, पेपरमध्ये किंवा प्रकल्पाच्या अहवालात जाऊ नये. आणि या तपासणीचा खर्च संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थांनी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वेगळा मंजूर करावा. ही गोष्ट पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणावर सोडून चालणार नाही. आमची मुलगी प्रामाणिकच होती.

लॅबच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडं मागे जाते. अँटीबॉडी, म्हणजे मराठीत प्रतिपिंड, शरीर परक्या पदार्थाविरुद्ध तयार करतं. महाराष्ट्रात हे समजावून सांगायला सर्पदंशाच्या लशीइतकं चांगलं उदाहरण नाही. घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत टोचतात, त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी करून बाटलीत भरतात. परळच्या हाफकिनचं नाव या कामामुळे घराघरात पोचलेलं आहे. संशोधनासाठीच्या अँटीबॉडीही बऱ्याचदा अशाच बनतात. सशाला, उंदराला किंवा बकरीला माणसाच्या एखाद्या प्रथिनाचा तुकडा टोचायचा आणि त्याच्या रक्तातून त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं मिळवायची. मग ती वापरून पेशीतल्या हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमकं एक प्रथिन हुडकायचं.

फरक पुढे आहे. आपल्याकडच्या सर्पविषरोधक द्रव्याच्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं, की १ मिलिलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचं ०.६, मण्याराचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करेल. बाटली बाजारात जाण्याआधी तेवढी ताकद आहे की नाही हे तपासावंच लागतं. संशोधनाच्या अँटीबॉडीच्या बाटलीवर छापलेलं असतं, 'फक्त संशोधनासाठी'. ही सूचना वापरणाऱ्यासाठी असते, रुग्णावर वापरू नका एवढंच ती सांगते. ही अँटीबॉडी तुमच्या पेशीत नेमकं काय पकडेल याची हमी त्या वाक्यात कुठेच नाही, आणि अशी हमी विक्रीआधी तपासणारी यंत्रणाही नाही. (रक्ततपासणीच्या किटचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम लागू होतात. हे वाचून कोणी आपल्या रिपोर्टवर अविश्वास दाखवू नये.)

'अँटीबॉडी चांगली आहे का?' हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. कशासाठी चांगली, हे विचारावं लागतं. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती पट्ट्यांची चाचणी, करताना आपण पेशींचा अर्क एसडीएस नावाचा साबण घालून ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळतो. त्या उष्णतेत आणि त्या साबणात प्रथिनाची घडी उलगडते, लोकरीचा गुंडा सोडवून सरळ धागा करावा तसं. मग जेलमधून ते वजनाप्रमाणे वेगळं होतं, मेम्ब्रेनवर उतरतं, आणि अँटीबॉडी त्या सरळ धाग्यावरचा छोटासा भाग ओळखते. इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये, म्हणजे चमकणारी अँटीबॉडी लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, पेशी काचेवर जागच्या जागी फॉर्मल्डिहाइडने बांधलेली असते. प्रथिन घडीतच असतं, आणि फॉर्मल्डिहाइडने त्याचा काही भाग झाकलेला असू शकतो. इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये, म्हणजे अँटीबॉडीने अर्कातून प्रथिन धरून बाहेर काढताना, अर्क उकळलेलाच नसतो, प्रथिन आपल्या जोडीदारांसकट तरंगत असतं. एकच अँटीबॉडी पहिल्या पद्धतीत अचूक, दुसरीत आंधळी आणि तिसरीत भलत्यालाच धरणारी असू शकते. वेस्टर्नमध्ये निदान वजन तरी कळतं, भलती पट्टी भलत्या उंचीवर दिसली तर शंका घेता येते. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं हिरवंच चमकतं. त्या हिरव्यात आपल्या प्रथिनाचा वाटा किती आणि दुसऱ्या कुणाचा किती, हे चित्र बघून सांगता येत नाही. म्हणून मला वेस्टर्नपेक्षाही त्या सुंदर हिरव्या-लाल चित्रांची जास्त भीती वाटते.

ही तक्रार आमच्या एका लॅबपुरती असती तर मी लेख लिहिला नसता.

एरिथ्रोपोएटिन हे रक्त वाढवणारं औषध कॅन्सरच्या रुग्णांना रक्तक्षयासाठी दिलं जायचं. काही चाचण्यांत ते घेणाऱ्यांची तब्येत उलट बिघडताना दिसली आणि प्रश्न उभा राहिला, की गाठीच्या पेशींवरच या औषधाचा रिसेप्टर, म्हणजे औषध ज्याला चिकटून काम करतं ते प्रथिन, आहे की काय. अनेक गटांनी बाजारातल्या अँटीबॉडी वापरून गाठींत तो रिसेप्टर 'दाखवला'. २००६ मध्ये दिसून आलं, की त्यांतली भरपूर वापरली गेलेली एक अँटीबॉडी हीट शॉक प्रथिन ७० ला चिकटत होती. ताणाखालच्या पेशींत हे प्रथिन वाढतंच, आणि गाठीतल्या पेशी ताणाखालीच असतात. ही तपासणी अ‍ॅम्जेनच्या शास्त्रज्ञांनी केली होती, म्हणजे ते औषध विकणाऱ्याच कंपनीच्या. त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला. पण रुग्णाच्या जिवाशी निगडित प्रश्नाचं उत्तर ज्याचा त्यात थेट आर्थिक संबंध आहे त्याच्याकडून यावं लागलं, आणि ज्यांचा तसा संबंध नव्हता अशा विद्यापीठांतल्या लोकांनी बाटली तपासलीच नव्हती, हे मला आजही खुपतं.

इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाची गोष्ट याहून लांबलचक आहे. स्टॉकहोममध्ये यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाने १९९६ मध्ये तो शोधला. त्यानंतर स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो असतो का, किती असतो, असला तर रोगी जास्त जगतो का, यावर वीस वर्षं पेपर निघत राहिले आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. २०१७ मध्ये स्वीडनमधल्याच संशोधकांनी या रिसेप्टरवरच्या १३ अँटीबॉडी एकत्र बसवून तपासल्या. कसोटीला पूर्ण उतरली फक्त एक, आणि ती फारशी वापरात नव्हती. ती वापरून पाहिल्यावर निरोगी स्तनात किंवा स्तनाच्या गाठीत हा रिसेप्टर त्यांना दिसलाच नाही. या वीस वर्षांत किती बायकांच्या गाठींचे तुकडे काचपट्ट्यांवर चढले असतील. त्यांतल्या कित्येकींनी संमतिपत्रावर सही केली असेल. माझ्या आजारातून पुढच्या बाईला काही फायदा होईल, या विश्वासाने केली असेल.

टोरोंटोमध्ये इलेफ्थेरिओस डायमँडिस यांच्या लॅबने स्वादुपिंडाच्या कॅन्सरची खूण म्हणून सीयूझेडडी१ नावाच्या प्रथिनावर काम केलं. विकतचं एलायझा किट (अँटीबॉडीने रक्तातलं प्रथिन मोजणारं), हजारो रुग्णांचे नमुने, दोन वर्षं आणि सुमारे पाच लाख डॉलर. शेवटी निघालं काय, तर किट सीए-१२५ मोजत होतं, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरसाठी डॉक्टर वर्षानुवर्षं वापरत आलेलीच खूण. डायमँडिस यांनी हे लपवलं नाही, स्वतःच छापून सगळ्यांना सांगितलं. आपल्या हातून झालेली चूक नावानिशी छापायला जे धैर्य लागतं ते आपल्या क्षेत्रात फार थोड्यांकडे आहे. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

आता आपण तपासलं, असं समजून आपण जे करतो त्याबद्दल. 'पेप्टाइड ब्लॉक' ही कित्येक लॅबमध्ये अजून शिकवली जाणारी चाचणी. प्राण्याला टोचलेला तोच प्रथिनाचा तुकडा अँटीबॉडीत आधी मिसळायचा, मग ब्लॉट करायचा. पट्टी गेली म्हणजे अँटीबॉडी खरी. मीही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं हेच शिकवलं. यातली खोट एका वाक्यात सांगता येते. अँटीबॉडीच्या हातात तो तुकडा भरला, की ती बरोबर प्रथिनालाही चिकटणार नाही आणि चुकीच्या प्रथिनालाही नाही. पट्टी दोन्ही वेळा जाते. ही चाचणी अँटीबॉडी त्या तुकड्याला चिकटते एवढंच सांगते. मेंदूविज्ञानातले क्लिफर्ड सेपर यांनी 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी'चं संपादन करताना २००३ ते २००५ च्या सुमारास याबद्दल जाहीर इशारे दिले आणि अँटीबॉडीचा पुरावा मागायला सुरुवात केली. त्याला वीस वर्षं उलटून गेली. तरी परवापर्यंत मी परीक्षक म्हणून वाचलेल्या प्रबंधांत पेप्टाइड ब्लॉकची आकृती 'स्पेसिफिसिटी' या शीर्षकाखाली येत होती.

वजन जुळलं म्हणून अँटीबॉडी खरी, हाही असाच समज. पेशीत ५० ते ६० किलोडाल्टनच्या मधली प्रथिनं शेकड्यांनी आहेत. सगळ्याच पेशींत असणारं ॲक्टिन हे प्रथिन सगळ्या लेनमध्ये सारखं आलं तर फक्त लोडिंग सारखं झालं हे कळतं, वरची पट्टी कोणाची हे नाही. आणि 'इतक्या पेपरांत वापरली आहे' हा तर सगळ्यांत कमकुवत पुरावा, कारण प्रत्येकाने आधीच्यावर विसंबून घेतली असेल तर ती माहिती एकाच माणसाची असते, कितीही वेळा छापली तरी.

मग बरोबर तपासणी कोणती? मथियस उलेन यांच्या पुढाकाराने जमलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये पाच वाटा मांडल्या. जनुक काढून किंवा दाबून बघणं. अँटीबॉडी न वापरणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे आरएनए मोजून किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचं वजन मोजून ते ओळखणाऱ्या यंत्राने) मोजलेल्या प्रमाणाशी पट्टी जुळते का ते बघणं. त्याच प्रथिनाचा वेगळा भाग ओळखणारी दुसरी अँटीबॉडी तेच दाखवते का ते बघणं. प्रथिनाला खूण जोडून त्या खुणेशी ताडणं. आणि अँटीबॉडीने धरून आणलेलं काय आहे ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. पाचही कामाच्या आहेत, पण माझ्या मते पहिलीच्या तोडीची दुसरी नाही. प्रथिन नसलेल्या पेशीत पट्टी दिसली की त्यावर वाद उरत नाही. पूर्वी अशा पेशी बनवणं हे स्वतंत्र पीएचडीचं काम होतं. हवं ते जनुक नेमकं कापणारं क्रिस्पर तंत्र आल्यानंतर ती अडचण उरलेली नाही.

मॉन्ट्रियलमध्ये मॅकगिल विद्यापीठाशी जोडलेल्या वायकारॉस या उपक्रमाने हे काम रीतसर हाती घेतलं. तिथे एकेका प्रथिनासाठी बाजारात मिळणाऱ्या अँटीबॉडी रांगेत ठेवून, नेहमीच्या आणि नॉकआऊट, म्हणजे ते जनुक काढलेल्या, पेशींवर, वेस्टर्न, इम्युनोप्रेसिपिटेशन आणि इम्युनोफ्लुओरेसन्स अशा तिन्ही पद्धतींत तपासतात. २०२३ मध्ये त्यांनी ६५ प्रथिनांवरच्या ६१४ अँटीबॉडींचा निकाल छापला. जी अँटीबॉडी आपलं प्रथिन ओळखतच नाही ती वापरून पुरावे दिलेले पेपर, दर प्रथिनामागे सरासरी १२. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान उलटवलं नाही. बारा पेपर म्हणजे बारा गट. त्या प्रत्येकात आमच्या मुलीसारखं कोणीतरी रात्री दहा वाजता मेम्ब्रेन धुण्याच्या टीबीएसटी द्रावणाचे वॉश मोजत बसलेलं.

पण त्याच अहवालात मला धीर देणाऱ्या दोन गोष्टी सापडल्या. निम्म्याहून जास्त प्रथिनांसाठी निदान एक तरी उत्तम अँटीबॉडी बाजारात आधीच होती, म्हणजे प्रश्न मालाच्या तुटवड्याचा नाही, निवडीचा आहे. आणि निकाल समोर ठेवल्यावर कंपन्या हलल्या. नापास झालेल्या अँटीबॉडींपैकी सुमारे २० टक्के त्यांनी बाजारातून काढल्या आणि सुमारे ४० टक्क्यांच्या शिफारशी बदलल्या. या कामासाठी कंपन्या स्वतःच्या अँटीबॉडी आणि नॉकआऊट पेशी देत होत्या. म्हणजे या व्यवसायातले सगळेच फसवे आहेत असं समजून भांडायला उठण्यात अर्थ नाही. पुरावा समोर ठेवणारा कोणीतरी हवा असतो.

अँटीबॉडी बनते कशी, यानेही फरक पडतो. घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तातून काढलेली पॉलीक्लोनल अँटीबॉडी म्हणजे शेकडो वेगवेगळ्या प्रतिपिंडांचं मिश्रण. तो ससा गेला की ती बाटली पुन्हा कधीच तशी बनत नाही, पुढचा लॉट म्हणजे दुसरा ससा. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडून हायब्रिडोमा बनवला आणि एकाच पेशीच्या वंशातून एकच प्रतिपिंड कायम मिळू लागलं. १९८४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. पण ही मोनोक्लोनल अँटीबॉडीही नेहमी एकच नसते. २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमांचा क्रम वाचला तेव्हा त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांशात प्रतिपिंडाच्या आणखी साखळ्या सापडल्या. आता तिसरी जात आहे, रीकॉम्बिनंट. तिचा जनुकक्रम लिहून ठेवलेला असतो, त्यामुळे कधीही, कुठेही, अगदी तीच पुन्हा बनवता येते. वायकारॉसच्या वेस्टर्नमध्ये रीकॉम्बिनंटपैकी साधारण दोन तृतीयांश उतरल्या, पॉलीक्लोनलपैकी जेमतेम चौथा हिस्सा. जिथे रीकॉम्बिनंट मिळते तिथे पॉलीक्लोनल घेण्यासाठी 'स्वस्त आहे' याखेरीज कारण असायला हवं.

आता आपल्याकडे येऊ. सरकारी पैशावर चालणाऱ्या आपल्या संस्थांत रासायनिक माल वर्षानुवर्षं सगळ्यांत कमी दर देणाऱ्याकडून घेतला गेला. पेट्री डिशसाठी ते ठीक. अँटीबॉडी ही वस्तू म्हणून मोजली की तीन कोटेशनं येतात, तिन्हींवर एकाच प्रथिनाचं नाव असतं, आणि खरेदी विभागाच्या लेखी त्या तिन्ही एकच असतात. प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्या प्राण्यांनी बनवलेल्या तीन वेगळ्या गोष्टी असतात. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांच्या खरेदीचे नियम सैल केले. संस्थाप्रमुखांना जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेर खरेदीची मुभा मिळाली आणि कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली. ही फार चांगली गोष्ट झाली. पण मुभा मिळाली म्हणून निवड आपोआप सुधारत नाही. खरेदीच्या मागणीपत्रावर (इंडेंटवर) 'नॉकआऊट पेशींवर तपासल्याचा पुरावा जोडला आहे' असा एक रकाना प्रत्येक संस्थेने उद्यापासून घालावा. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

अनुदान देणाऱ्यांकडून मात्र जास्त हवं आहे. अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेने जानेवारी २०१६ पासून अर्जातच मागायला सुरुवात केली, की तुम्ही वापरणार असलेल्या पेशी, अँटीबॉडी आणि इतर महत्त्वाची साधनं खरी आहेत हे तुम्ही कसं तपासणार. मी आजवर भरलेल्या एकाही देशी अर्जात मला हे कोणी विचारलेलं नाही. जैवतंत्रज्ञान विभागाने आणि नव्या अनुसंधान प्रतिष्ठानने हा प्रश्न अर्जात आणावा, पण नुसता प्रश्न आणून थांबू नये. 'साधनांची पडताळणी' असं खर्चाचं स्वतंत्र शीर्ष असावं, प्रकल्पाच्या कन्झ्युमेबल्सपैकी, म्हणजे रोज लागणाऱ्या साहित्याच्या खर्चापैकी, पाच टक्के, आणि तो पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये. पैसे न देता नियम लावला, तर लोक जुन्या पेपरचा हवाला लिहून रकाना भरतील.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हे काम प्रत्येक लॅबने शून्यापासून का करायचं? पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८६ मध्ये प्राण्यांच्या पेशी जोपासण्याची राष्ट्रीय सुविधा म्हणून ते स्थापन झालं, आणि देशभरच्या लॅबना पेशी पुरवणारी पेशीपेढी तिथे आजही चालते. सोलापूरच्या कॉलेजापासून गुवाहाटीच्या संस्थेपर्यंत ज्याला हेला पेशी (लॅबमध्ये सर्रास वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी) हव्यात तो तिथे अर्ज करतो. याच पेढीत नॉकआऊट पेशींचा कप्पा सुरू करावा. आपल्या देशात जास्त अभ्यासली जाणारी शे-दोनशे प्रथिनं निवडावीत, एकेका पेशीवंशातून ती जनुकं काढावीत, आणि पेशी सांभाळायची सोय ज्यांच्याकडे नाही त्यांना अर्क पाठवावा. दोन नळ्यांत ५०-५० मायक्रोलिटर, एक नेहमीचा, एक नॉकआऊट. एका ब्लॉटला एवढा पुष्कळ झाला. त्याच पेशी फॉर्मलिनमध्ये बांधून पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवल्या तर हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागांनाही ऊतीसारखे काप कापून त्यांच्या अँटीबॉडी तपासता येतील. नॉकआऊट पेशी परदेशातून मागवायच्या तर एकेका वंशाला लाखाच्या वर मोजावे लागतात. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला ते कधीच परवडणार नाही, आणि त्याने प्रामाणिक विज्ञान करावं ही अपेक्षा तर आपण ठेवतोच.

यावर मला नेहमी ऐकू येणारे आक्षेप आहेत. काही जनुकं काढली की पेशी मरते, मग नॉकआऊट कसा करणार? बरोबर आहे. तिथे जनुक दाबून बघा आणि सोबत दुसरी स्वतंत्र अँटीबॉडी लावा. शंभरातल्या दहांसाठी अडचण आहे म्हणून नव्वदांचं सोडायचं कारण नाही. कंपनीने तपासायला हवं, ग्राहकाने का? कंपनीने तपासायलाच हवं. पण कंपनी तुमच्या पेशीवर, पेशी बांधायच्या तुमच्या पद्धतीवर (फिक्सेशन), तुम्ही अँटीबॉडी जितकी पातळ करता त्या प्रमाणावर (डायल्यूशन) तपासू शकत नाही. ती जबाबदारी वाटून घ्यावी लागेल. आणि तिसरा आक्षेप, तो मला सगळ्यांत खरा वाटतो: विद्यार्थ्याला पाच वर्षांची फेलोशिप, प्रबंधाआधी पेपरची अपेक्षा, या घाईत अँटीबॉडी तपासायला वेळ कुठे? त्यावर मी आमच्या कॅलेंडरकडे बोट दाखवते. दोन लेनचा तो ब्लॉट करायला आम्हाला दोन दिवस लागले. तो पहिल्या महिन्यात केला असता तर.

तिच्या पुढच्या कामाचं सांगायला हवं. दुसरी, रीकॉम्बिनंट अँटीबॉडी घेतली. ती नॉकआऊटवर तपासली, उजवी लेन कोरी आली. मग जुने सगळे प्रयोग पुन्हा केले. उपाशी पेशींत प्रथिन घटतं, हे टिकलं. औषधाने वाढतं, हे टिकलं नाही, आणि प्रबंधाचं मूळ गृहीतक तेच होतं. तिने ते प्रकरण काढून टाकलं नाही. दोन पट्ट्यांचा तो पहिला ब्लॉट तिसऱ्या प्रकरणाची पहिली आकृती म्हणून ठेवला, कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबरसकट. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यांत जास्त वेळ त्याच आकृतीवर घालवला.

कंपनीला आम्ही चित्रं पाठवली. त्यांनी दुसऱ्या लॉटची बाटली दिली, तीही तशीच निघाली. मग आम्ही सगळी चित्रं एका खुल्या डेटा-भांडारात टाकली. त्यानंतर काही महिन्यांनी नागपूरहून एका मुलाचा ईमेल आला. तीच अँटीबॉडी, तीच ५५ ची पट्टी, एसआयआरएनएने न हलणारी. त्याने विचारलं होतं, मॅडम, प्रथिन टिकाऊ असेल का? त्याचा अकरावा महिना चालू होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला दोन्ही लेनचे अर्क ड्राय आईसमध्ये पाठवले.